शनिवार-रविवारची भटकंती आणि तिचे फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्या-मुंबईतले पंधरा-वीस मित्रमैत्रिणी. २०१४ पासून जमेल त्या शनिवार-रविवारी सह्याद्रीत जातो आणि परत आल्यावर सगळ्यांचे फोटो एका ठिकाणी जमवतो. दर वेळी दोन-तीन नवी माणसं येतात. त्यांचे प्रश्न बरेचसे तेच असतात आणि ते अगदी रास्त असतात. म्हणून ही उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

मी पहिल्यांदाच येतोय. कुठल्या किल्ल्यापासून सुरुवात करू?

लोहगड. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याच्या दिशेने एकच स्टेशन यायचं. तिथून चालत भाजे गाव, मग चढ चढून गायमुख खिंड आणि पुढे लोहगडवाडी. किल्ल्यावर पायऱ्या आहेत, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागोमाग लागतात, आणि वर गेल्यावर विंचूकाटा दिसतो. नुसतं नाव ऐकून कळत नाही, पण वरून पाहिलं की ती लांबच लांब माची खरोखर विंचवाच्या नांगीसारखी दिसते. उतरताना पायात जोर उरला असेल तर भाज्याची लेणी बघा. इसवी सनाच्या आधीचं चैत्यगृह आहे आणि दगडात लाकडी बांधणीची नक्कल केलेली आहे. तिथे घाई करू नका.

एकच विनंती. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाला जाऊ नका. पायऱ्यांवर माणसाला माणूस चिकटतो, वरचे खाली येऊ शकत नाहीत आणि खालचे वर जाऊ शकत नाहीत. शनिवारी पहिल्या लोकलने या.

लोहगड झाला. आता पुढे काय?

दम कितपत टिकला त्यावर ठरवा. चालायला आवडलं असेल तर लोणावळ्याहून राजमाची. पंधरा-सोळा किलोमीटरची वाट आहे, पण चढ फारसा नाही. शेवटी उधेवाडी गाव आणि डोक्यावर श्रीवर्धन, मनरंजन हे दोन बालेकिल्ले. चढायला आवडलं असेल तर बारी गावातून कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. कातळावर लोखंडी शिड्या आहेत. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी आधीच सांगावं, म्हणजे त्यांच्या पुढे एक आणि मागे एक असं माणूस राहतं. मुंबईकडून येणाऱ्यांना कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे जीप हे सोयीचं पडतं.

आणि मग हरिश्चंद्रगड. पहिल्यांदा जाणाऱ्याने पाचनईकडूनच जावं, ती वाट सगळ्यात सोपी. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट लांबची आहे. नळीच्या वाटेचं नाव कुणी उत्साहाने घेतलं तरी अनुभवी सोबत आणि दोर असल्याशिवाय तिकडे वळू नका. गडावर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच्याजवळ केदारेश्वराची गुहा. गुहेत कमरेएवढं गारठणक पाणी, मधोमध मोठं शिवलिंग आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच उभा.

कोकणकड्याबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे. तिथे डोंगर संपतो आणि खाली कोकण सुरू होतं. कडा आत वळलेला असल्यामुळे टोकाशी उभं राहून खालचं काही दिसत नाही, ते बघायला पोटावर झोपून पुढे सरकावं लागतं. सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुकं असेल तर कधीकधी त्या धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते इथे पाहिल्याची नोंद आहे. आम्ही सहा वेळा गेलो, एकदाच दिसलं. त्या वेळी आम्ही नऊ जण होतो आणि प्रत्येकाला वर्तुळात फक्त स्वतःची सावली स्पष्ट दिसत होती. फोटो जुळवून पाहिले तेव्हा कळलं की प्रत्येकाच्या फोटोत मधोमध ज्याचं त्याचं डोकं आहे. एकच फोटो सगळ्यांना पाठवून भागत नाही, हे मला त्या दिवशी पुरतं पटलं.

जागतिक वारशात आलेले किल्ले कुठले? ते सगळे करता येतील का?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. करता येतील, पण यादीवर खुणा करत धावू नका. साल्हेर नाशिकच्या पार वरच्या टोकाला, बागलाणात आहे, त्याला दोन दिवस हवेत. खांदेरीला होडीने जावं लागतं, तिथे समुद्र काय म्हणतो ते महत्त्वाचं.

पावसाळ्यात धबधब्याखाली फोटो काढायला न्याल का?

नाही. यावर आमच्यात चर्चा होत नाही.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती पाण्यात उभी होती आणि पाणी बघता बघता वाढलं. आपण उभे असतो तिथे ऊन असलं तरी वर डोंगरात कुठेतरी ढग कोसळलेला असतो आणि ते पाणी काही मिनिटांत खाली पोचतं. पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा यायला लागला, आवाज बदलला, की सामान सोडून बाहेर पडायचं. भंडारदऱ्याजवळच्या सांधण घळीत तर पावसाळ्यात पाऊलच टाकायचं नाही. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आणि पळायला जागा नाही.

जिल्हाधिकारी पावसाळ्यात काही ठिकाणी बंदी आदेश काढतात. निघायच्या आदल्या दिवशी ते बघा आणि पाळा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुलं अशा वेळी रात्री-अपरात्री दोर घेऊन दरीत उतरतात. आपल्या एका फोटोसाठी त्यांना घरून उठायला लागू नये.

काठावरचा फोटो?

उभा राहणारा काठापासून दोन माणसांच्या उंचीएवढा मागे. पण धोका बहुतेक वेळा फोटो काढणाऱ्याला असतो. तो चौकटीत सगळे मावावेत म्हणून स्क्रीनकडे बघत एकेक पाऊल मागे सरकतो. आमची एक मैत्रीण अशीच ओल्या कातळावरून घसरली. नशिबाने मागे फूटभर खोल खड्डाच होता, घोट्यावर निभावलं. तेव्हापासून नियम केला आहे की डोळा स्क्रीनवर असेल तर पाय हलणार नाहीत आणि पाय हलवायचे तर फोन खाली.

फोटोंसाठी कॅमेरा घ्यावा लागेल का?

नको. खिशातला फोन पुरतो. कॅमेऱ्याचे पैसे आधी चांगल्या बुटांवर घाला.

पावसात फोन कसा सांभाळायचा?

जाड प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी टाकून. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, तेव्हा आवाज कमी-जास्त करायच्या बटणाने फोटो काढा, जवळपास सगळ्या फोनमध्ये ती सोय असते. भिंगावरचं पाणी शर्टाच्या टोकाने पुसू नका, त्याला घामाचं तेल असतं आणि मग प्रत्येक दिव्याभोवती धूसर वलय येतं. जुन्या धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा जवळ ठेवा, त्याला तोड नाही. एसी गाडीतून उतरल्यावर भिंग धुरकटलं तर घाबरू नका. फोन पाच-दहा मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या.

धुक्यातले फोटो करडे आणि काळपट का येतात?

सगळीकडे पांढरं दिसलं की फोनला वाटतं उजेड जास्त झाला, म्हणून तो फोटो गडद करतो. स्क्रीनवर माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेडाची खूण थोडी वर सरकवा. आणि चौकटीत काहीतरी जवळचं येऊ द्या. एखादा बुरुज, भगवा, लाल रेनकोट घातलेला मित्र. नुसत्या धुक्याचा फोटो घरी आल्यावर कुणालाच ओळखू येत नाही.

चढायच्या आधीच, पायथ्याशी ग्रुप फोटो का काढता? वर गेल्यावर काढू की.

वर काढतोच. पायथ्याचा फोटो मोजदादीसाठी आहे. किती जण निघालो, कुणी कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय, कुणाच्या पाठीवर कुठली सॅक आहे, हे त्यात येतं. उद्या कुणी वाट चुकलं तर गावकऱ्यांना नुसतं "उंच, चष्मेवाला" सांगण्यापेक्षा तो फोटो दाखवता येतो. २०१८ मध्ये राजमाचीच्या जंगलात आमचे दोघे मागे राहिले होते, तेव्हा उधेवाडीच्या एका गुराख्याने फोटोतली पिवळी सॅक ओळखली आणि ते कुठल्या ओढ्याकडे वळले ते सांगितलं.

असेच आणखी काही फोटो आम्ही मुद्दाम काढतो. वाटेला फाटा फुटला की मागे वळून एक फोटो, कारण परतताना तीच वाट उलट बाजूने वेगळी दिसते. एसटीच्या वेळा लिहिलेल्या फळीचा फोटो. आणि ज्यांच्याकडे जेवण सांगितलं त्यांच्या घराचा, कारण अंधारात सगळी घरं सारखीच वाटतात. हे फोटो सुंदर नसतात, पण ते काढायचा आळस करू नका.

सगळ्यांचे फोटो मीच काढते आणि मी एकाही फोटोत नसते. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे.

प्रत्येक चमूत दोन माणसं हमखास फोटोत नसतात. एक फोटो काढणारं आणि दुसरं सगळ्यांच्या शेवटी चालणारं. शेवटचं माणूस दमलेल्याची सॅक घेऊन येतं, बुटाची नाडी बांधून देतं, पाणी पाजतं. ते वर पोचतं तेव्हा बाकीच्यांचे फोटो काढून झालेले असतात आणि सगळे डबे उघडून बसलेले असतात. वर्षाच्या शेवटी अल्बम चाळावा तर ज्याच्यामुळे ट्रिप नीट पार पडली तोच कुठे दिसत नाही.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक थांब्यावर फोटो काढणारं बदलतं. पाण्याची बाटली पुढे जाते तशी ही जबाबदारीही पुढच्याकडे जाते, ज्याला जमत नाही त्याच्याकडेसुद्धा. थोडे तिरके फोटो येतात, येऊ देत. आणि शेवटचं माणूस वर आल्याशिवाय माथ्यावरचा फोटो काढायचा नाही. डबेही उघडायचे नाहीत. तुम्ही आमच्याबरोबर येणार असाल तर पहिल्याच थांब्यावर फोन दुसऱ्याच्या हातात द्या आणि सांगा, आता तू.

काजव्यांचे फोटो काढायला कधी येऊ?

मे महिन्याचा शेवट ते जूनचा मध्य, पहिला मोठा पाऊस सुरू व्हायच्या आधी. भंडारदऱ्याचा परिसर, पुरुषवाडी, राजमाची. पण काजवे बघायला या, फोटोंचं नंतर पाहू. त्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना शोधणं असतं. आपल्या टॉर्चचा, फ्लॅशचा, गाडीच्या दिव्यांचा उजेड पडला की त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही. वर्षातले मोजके दिवस त्यांच्या हातात असतात. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा, उजेड जमिनीकडे ठेवा, आणि झाड हलवू नका.

झाडभर काजवे दाखवणारे फोटो बहुतेक वेळा एकाच जागी तिवईवर कॅमेरा ठेवून काढलेले अनेक फोटो एकावर एक जुळवून केलेले असतात. हातातल्या फोनवर तसं येणार नाही. अर्धा तास फोन सॅकमध्ये ठेवून बसा, डोळे अंधाराला सरावले की झाड आपोआप उजळायला लागतं.

गावातल्या लोकांचे फोटो काढले तर चालतात का?

विचारून. आणि काढले तर नेऊन द्यायचे.

उधेवाडीत ज्यांच्याकडे आम्ही जेवतो त्या मावशींचा एक फोटो आमच्यातल्या एकाने चुलीपुढे काढला होता. धूर, जाळाचा उजेड, हातात भाकरी. आम्हाला तो फार आवडला. चार बाय सहाची प्रिंट काढून पुढच्या खेपेला दिली. त्यांनी हातात घेतली, थोडा वेळ बघितली आणि म्हणाल्या, "ह्यो कशाला दिलास रं? धुरातला? माझा चांगला काढ." मग आत गेल्या, केस विंचरले, लग्नातलं लुगडं नेसून आल्या, अंगणात तुळशीजवळ सरळ उभ्या राहिल्या आणि हसल्या नाहीत. तो फोटो आता त्यांच्या भिंतीवर आहे.

त्या दिवसापासून आम्ही "काढू का?" एवढंच विचारून थांबत नाही, "कसा काढू?" असंही विचारतो. आपल्याला धुरातला चेहरा चित्रासारखा वाटतो. ज्यांचे डोळे रोज त्या धुराने चुरचुरतात त्यांना तो तसा का वाटावा? लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोत. आणि प्रिंट देऊ असं म्हटलं असेल तर द्याच. पंधरा-वीस रुपयांची गोष्ट असते, पण त्या फोटोची वर्षभर वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत.

ड्रोन आणू का?

नको. संरक्षित किल्ल्यांवर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. शिवाय कड्यांवर आग्या मोहोळं असतात, आणि माश्या उठल्या तर पळायला वाट नसते. याच कारणासाठी उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडाही टाळा.

फोटो सगळ्यांना कसे पाठवता? व्हॉट्सॲपवर आलेले फोटो अस्पष्ट दिसतात.

व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो लहान करतं. एचडी निवडलं तर थोडा बरा जातो, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा. पण चौदा माणसांचे सातशे फोटो असे पाठवणं म्हणजे सोमवारी सकाळी सगळ्यांचे फोन भरून टाकणं. म्हणून आम्ही गूगल फोटोजमध्ये एक सामायिक अल्बम करतो आणि त्यात ज्याने त्याने आपले टाकायचे. नाव नेहमी एकाच पद्धतीचं, आधी तारीख, मग जागा. म्हणजे अल्बम आपोआप क्रमाने लागतात. १ जून २०२१ पासून तिथे चढवलेले फोटो १५ जीबीच्या फुकट जागेत मोजले जातात, त्यामुळे सरसकट सगळं ओतू नका.

प्रत्येकाने जास्तीत जास्त पंचवीस फोटो टाकावेत. एकाच सूर्यास्ताचे तीस फोटो असतील तर त्यातला एक निवडायचं काम तुमचं आहे, बघणाऱ्याचं नाही. मुदत बुधवार रात्र. गुरुवारनंतर कुणी टाकत नाही, हा अनुभव आहे.

आमचा एक मित्र आता जर्मनीत असतो. तो या अल्बमची वाट बघतो आणि फोटो मोठा करून करून विचारतो, त्या टाक्यात पाणी आहे का, ते पायथ्याचं चहाचं दुकान चालू आहे का. त्याच्यासाठी टाक्याचा आणि चहाच्या दुकानाचा फोटो आठवणीने काढा.

वरूनच स्टेटस टाकलं तर?

स्वतःचा फोटो असेल तर तुमची मर्जी, पण इतर दिसत असतील तर घरी पोचेपर्यंत थांबा. कुणी एकटं राहतं आणि घर बंद आहे हे जगाला कळायला नको असतं. कुणी घरी वेगळं काही सांगून आलेलं असतं. दमल्यावर, भिजल्यावर, झोपलेले असताना काढलेले फोटो तर विचारल्याशिवाय कुठेच टाकू नयेत. एखादी मैत्रीण म्हणाली की हा फोटो काढून टाक, तर लगेच काढायचा, कारण विचारायचं नाही आणि "छान तर आलाय" असं समजावत बसायचं नाही.

जागेबद्दलही एक सांगतो. मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश असू शकतात. घुबडाची ढोली, दुर्मीळ ऑर्किड, देवराईतलं एखादं कुंड यांचे फोटो टाकताना ती माहिती आधी काढून टाका आणि गावाचं नाव लिहू नका. दोन मोसमांत एक स्वच्छ कुंड चिप्सच्या पाकिटांनी भरलेलं आम्ही पाहिलं आहे. त्याचा पहिला फोटो आमच्यापैकीच एकाने टाकला होता.

खर्च कसा वाटता?

कॉन्ट्री, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचे पैसे, आधीच काढतो आणि उरलेले पैसे परत देतो. गावात रोख जवळ ठेवा, रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. पिठलं-भाकरी आणि ठेच्याच्या जेवणाच्या दरावर घासाघीस केलेली आम्हाला चालत नाही.

दारू, स्पीकर?

दोन्ही नाही. किल्ल्याच्या दगडावर नाव कोरणारा तर आमच्याबरोबर परत कधीच येत नाही. केंद्राच्या संरक्षित वास्तूचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण कायदा नसता तरी आमचं उत्तर तेच असतं.

किल्ल्यावर मुक्काम करता येतो का?

नियम किल्ल्यागणिक वेगळे आहेत आणि बदलतात. काही ठिकाणी मनाई आहे. पायथ्याच्या गावात फोन करून विचारा. आम्ही हल्ली गावातच राहतो, पहाटे चढतो.

जुने फोटो कुठे ठेवलेत? २०१६ चे बघायला मिळतील का?

काही मिळतील. २०१४ ते २०१७ पर्यंतचे सगळे फोटो माझ्याकडे एकाच हार्ड डिस्कवर होते. २०१९ मध्ये ती बंद पडली आणि दुरुस्तीवाल्याने हात टेकले. मी सगळ्यांना कळवलं की तुमच्याकडे जे असेल ते पाठवा. पुढचे दोन महिने कुठून कुठून फोटो येत राहिले. जुन्या फोनमधून, ईमेलमधून, एकीच्या आईच्या टॅबवरून. अल्बम पुन्हा उभा राहिला, पण तो पहिल्यासारखा नव्हता. आधीचा मी काढलेल्या फोटोंचा होता. या नव्या अल्बममध्ये पहिल्यांदाच मी दिसत होतो. राजगडाच्या सुवेळा माचीवर सॅकला टेकून झोपलेला, तिथल्या नेढ्यात, म्हणजे कातळाच्या आरपार भोकात, पाय सोडून बसलेला, कुणाच्या तरी डब्यातली चटणी खाणारा. हे फोटो इतरांनी तेव्हा काढले होते आणि मला ठाऊकही नव्हतं.

आता प्रत्येक अल्बमच्या तीन प्रती असतात, तीन वेगवेगळ्या घरांत. डिसेंबर २०१६ च्या राजगडच्या दुसऱ्या दिवसाचे, म्हणजे संजीवनी माचीवरचे फोटो मात्र अजून मिळालेले नाहीत. त्या वेळी बरोबर असलेल्यांनी घरातले जुने फोन एकदा चार्ज करून बघा.